चार उघड्या नोंदी

सोमवार, ४ जून २०१८

पोचले एकदाची ऑर्मंडला! होबार्टहून पाच तास गाडी हाकली. शेवटचा दीड तास नुसती वळणं, आणि सगळ्या वाटेत वायपर एकदाही बंद करता आले नाहीत. धाकट्या बहिणीला, जिलियनला, फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, की ताई, तिकडे ज्या दिवशी पाऊस नसतो त्या दिवशी शाळेला सुट्टी देतात.

खोली झकास आहे. घरमालकीण व्हर्ना ट्रुस्कॉट त्रेसष्ट वर्षांची, हाडापेरानं मजबूत बाई. खाणीच्या कँटीनला रोज साठ पॅस्ट्या, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, करून देते. मागच्या अंगणातली खोली तिनं मला दिली आहे. लाकडाची शेगडी आहे, खिडकीतून उघडाबोडका डोंगर दिसतो, आणि अंगणात कांगारूच्या जातीचे दोन छोटे पॅडीमेलन माझ्या गाडीकडे संशयानं बघत बसले आहेत. व्हर्नानं माझे बूट बघितले, आत गेली आणि लोकरीचे जाड मोजे घेऊन आली. म्हणाली, की पोरी, हे बूट होबार्टच्या कॉफीपुरते ठीक आहेत, इथं पायांचा लगदा होईल.

काम चार आठवड्यांचं. या तांब्याच्या खाणीत खाली उतरणारा प्रत्येक जण फळीवरचा आपला बिल्ला काढतो, यंत्राला दाखवतो, आणि त्याच्या नावापुढे उतरल्याची वेळ पडते. वर आला की बिल्ला परत फळीवर आणि वर आल्याची वेळ नोंदीत. या सगळ्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये आहेत तो फार म्हातारा झालाय. बनवणाऱ्या कंपनीनं त्याचा नेहमीचा सपोर्ट केव्हाच थांबवला, मग खाणीनं तीनदा मुदत वाढवून घेतली. आता ३० जून ही शेवटची तारीख. त्यानंतर काही बिघडलं तर दुरुस्ती नाही, फोन केला तर उत्तर नाही. तोवर सगळं नव्या प्रणालीत हलवायचं आणि जुन्याला निरोप द्यायचा.

असे अकरा निरोप मी आजवर दिलेत. दोन इस्पितळं, एक मासळीची कंपनी, बाकी सरकारी. मला आवडतं हे काम. शेवटच्या दिवसांत कुणीतरी शांतपणे जवळ बसावं लागतं, तसंच असतं ते.

मंगळवार, ५ जून

ऑफिस म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. साहेब ट्रेव्हर हॉबडे, पन्नाशीचा, लालबुंद आणि गडगडाटी. मला बघताच मोठ्यानं म्हणाला, की आली बघा राजधानीहून अंत्यविधीवाली बाई, आता म्हाताऱ्याला नीट पोचवा एकदा. सगळे हसले, मीही हसले. त्याच्या बायकोनं, लोर्नानं, माझ्यासाठी लिंबाचा केक पाठवला होता. त्यातले दोन तुकडे त्यानंच खाल्ले.

खरा राखणदार मात्र मर्व्ह किटो. एकाहत्तर वर्षांचा, सडपातळ, कानात कापूस. खाणकामगारांच्या दिव्यांची खोली सांभाळतो, बिल्ल्यांची फळी सांभाळतो, आणि गेली सव्वीस वर्षं डेटाबेसही तोच सांभाळतो. शिकला कुठं विचारलं तर म्हणाला, की पुस्तक आलं होतं खोक्यात, वाचलं. ट्रेव्हरनं मागून टोमणा मारला, की वाचायला दहा वर्षं लागली आणि उरलेली सोळा वर्षं तो आम्हाला तो डेटाबेस बदलू देत नाहीये. मर्व्हनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला चहा दिला. चहा इतका कडक, की चमचा उभा राहावा.

त्याचं काम बघून मी चाट पडले. रोजचा बॅकअप, रोजची तपासणी, सगळं हातानं वहीत टिपलेलं. एक दिवस चुकलेला नाही.

शुक्रवार, ८ जून

आज हलवण्याची पहिली रंगीत तालीम. सव्वाबारा लाख नोंदी नव्या प्रणालीत गेल्या. चार अडकल्या.

चौघांची उतरण्याची वेळ एकच: १७ ऑगस्ट १९९४, सकाळी ६:४८. वर आल्याची वेळ रिकामी. बेव्हन ट्रुस्कॉट, क्लाइव्ह ओट्स, स्टॅन वोइचिक, डेल किटो.

आडनावं वाचल्यावर मला विचारायचीच लाज वाटली, पण विचारलं. मर्व्हनं दिवे पुसायचे थांबवले नाहीत. बाराव्या थरावर पाणी फुटलं, म्हणाला. चौघे आत राहिले. दुसऱ्या वर्षी तो थर काँक्रीटनं बुजवला. डेल त्याचा मुलगा, तेव्हा सव्वीस वर्षांचा. बेव्हन व्हर्नाचा नवरा.

नव्या प्रणालीला माणूस एक तर खाली हवा नाही तर वर, आणि चोवीस वर्षं खाली असलेला माणूस ती घेत नाही. ट्रेव्हर म्हणाला, की त्यात काय, वर आल्याची वेळ टाक आणि मोकळी हो. मर्व्ह म्हणाला, की ते वर आलेले नाहीत. एवढंच. आवाजही चढवला नाही. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं हा डेटाबेस बदलायचा का राहिला. दर वेळी या चार ओळींपाशी गाडी अडली, आणि दर वेळी मर्व्हनं कंपनीला पत्र लिहून मुदत वाढवून घेतली.

ट्रेव्हर दार आपटून गेला. लोर्ना ही क्लाइव्ह ओट्सची विधवा, हे मला संध्याकाळी व्हर्नाकडून कळलं.

सोमवार, ११ जून

राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. व्हर्नानं जेवायला बोलावलं. भाजलेलं मेंढीचं मांस, पुदिन्याची चटणी, दोन पेले रेड वाइन. नोंदींची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. या गावात काय लपतं!

ती म्हणाली, की दफन नाही झालं, पोरी. पाद्री आला, खाणीच्या तोंडाशी प्रार्थना म्हणून गेला, आम्ही घरी येऊन चहा प्यालो. चोवीस वर्षं झाली, तुमच्या त्या मशीनच्या लेखी माझा नवरा अजून पाळीवर आहे. दमला असेल गं. त्याला वर घे.

ती रडत नव्हती. ताट आवरता आवरता बोलत होती. मी कबूल केलं.

गुरुवार, १४ जून

मर्व्हला सांगूनच केलं. त्यानं इतकंच विचारलं, की व्हर्नानं स्वतः मागितलं का. हो म्हटल्यावर तो उठून बाहेर गेला.

तीन वाजून दहा मिनिटांनी बेव्हन ट्रुस्कॉटची नोंद मी बंद केली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, ते इथं लिहून ठेवते.

त्याच वेळी दिवसपाळी सुटते. माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा वर आला. तो चालवणाऱ्याला खालून घंटा देऊन अकरा माणसं कळवली होती, वर उतरले ते बारा. तो मर्व्हकडे हुज्जत घालायला आला. मर्व्ह फळीकडे बघत होता. आज सकाळपर्यंत रिकाम्या असलेल्या एका खिळ्यावर एक बिल्ला लटकत होता, गंजून लाल झालेला, पाणी गळणारा.

घरी आले तर व्हर्नाच्या ओट्यावर बुटांचे ओले ठसे. स्वयंपाकघरात दिवा, आणि ती गाणं गुणगुणत होती. मी दार वाजवलं नाही. पडद्यावर दोन सावल्या दिसल्या. एक बसलेली, एक वाढणारी.

शुक्रवार, १५ जून

व्हर्ना नाही. पॅस्ट्या गेल्या नाहीत म्हणून कँटीनवाल्यांनी मला फोन केला. अंथरूण उबदार, चष्मा उशाशी, कोट खुंटीवर. चपला पिंजऱ्याच्या जोत्यावर सापडल्या, एकमेकींशेजारी नीट ठेवलेल्या. पिंजरेवाला शपथेवर सांगतो, की त्यानं तिला पाहिलं नाही.

मी डेटाबेस उघडला. ट्रुस्कॉट, व्हर्ना. उतरली: आज, ६:४८. तिच्या नावाचा बिल्ला कधी बनवलेलाच नव्हता.

तो स्वयंपाकघरात बसला आहे.

शनिवार, १६ जून

हवालदार आला. कुत्री आणली. बाराव्या थराचं काँक्रीट तपासून आले, त्यावर ओरखडासुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या माणसाबद्दल विचारलं तेव्हा हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला, की कुणी चुलतभाऊ असेल. शेजारच्या दोन्ही घरांचे पडदे दिवसाही बंद आहेत.

मी बेव्हनशी बोलले. कुणीतरी बोलायला हवं होतं. अडतीस वर्षांचा आहे, म्हणजे व्हर्नाच्या भिंतीवरच्या फोटोत आहे तसाच. कपडे सुकतच नाहीत, खुर्चीखाली थारोळं साचतं. वाईट माणूस नाही. मला बाईसाहेब म्हणाला. माझी बदली आली म्हणून मी सुटलो, म्हणाला. खाली असा नियम आहे, की बदलीचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. वाट बघून बघून कंटाळलो होतो. मग पलीकडून कुणाचे तरी हात आले आणि दिवा माझ्या हातातून घेतला.

कोण होतं, असं मी विचारलं.

अंधार होता, म्हणाला, आणि खाली आधी काय, नंतर काय ते कळत नाही. हात मात्र लहान होते. कोण बिचारं ते.

आणि मग त्यानं विचारलं, की माझी व्हर्ना कुठं गेली आहे?



मंगळवार, १९ जून

बेव्हनची नोंद परत उघडायचा प्रयत्न करते आहे. मी केलेलं मीच पुसायचं, यापेक्षा सोपं काम नाही. चार दिवसांत जमलेलं नाही. ती ओळ हातच लावू देत नाही. जुना बॅकअप चढवला, त्यातही नोंद बंदच. १३ जूनच्या बॅकअपमध्येही १४ जूनची वेळ आहे. हे शक्य नाही. मर्व्हनं स्वतः तपासलं आणि वही मिटली.

कंपनीच्या सपोर्टला तातडीची तक्रार घातली. मनिलाहून मारिसेल नावाची बाई बोलते. हुशार आहे, धीराची आहे. म्हणाली, की असा दोष नंतरच्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त केलाय, तुमच्या आवृत्तीसाठी वेगळी दुरुस्ती मागून बघते. तीस तारखेच्या आत मिळाली तर मिळाली. मी तिला सगळं सांगितलं नाही. एका माणसाचा जीव अडकलाय एवढं सांगितलं.

मर्व्हला विचारलं, की तुला हे ठाऊक होतं का. तो म्हणाला, की ठाऊक नव्हतं, पण जे झालं नाही ते झालं असं लिहू नये, एवढं ठाऊक होतं.

सोमवार, २५ जून

दुरुस्ती आली नाही. ट्रेव्हरला आज सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो आधी हसला, मग भडकला. म्हणाला, की व्हर्ना म्हातारपणी कड्यावरून घसरली असेल, आणि तुला भुतं दिसतात. होबार्टहून माणूस मागवला, पाठवली ज्योतिषीण. पाच दिवस उरलेत, मुख्य कार्यालयाला काय सांगू?

मी सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावून चहाला गेले. त्याच्याकडे दुसरी किल्ली होती.

३:१० ला तिन्ही नोंदी बंद केल्या त्यानं. एकाच आज्ञेत.

मी खिडकीतून पिंजरा बघितला. सगळे उतरले, आणि त्यांच्यामागून आणखी तिघे. चालताना गुडघे वाकत नव्हते. मर्व्ह पावसात उभा होता. तिघांतल्या एकापाशी गेला आणि आपलं जाकीट त्याच्या खांद्यावर घातलं.

मंगळवार, २६ जून

लोर्ना हॉबडे. उतरली ६:४८.

काझिक वोइचिक, स्टॅनचा भाऊ, इथून चाळीस मैलांवर राहायचा. उतरला ६:४८. त्याची गाडी दारातच उभी आहे.

आता समजतं आहे. प्रत्येक नोंदीत शेवटी एक रकाना असतो, कळवायची व्यक्ती. अपघात झाला तर कुणाला कळवायचं तिचं नाव. बेव्हनच्या नोंदीत व्हर्ना. क्लाइव्हच्या नोंदीत लोर्ना, कुणी बदललंच नव्हतं. स्टॅनच्या नोंदीत काझिक. जो वर येतो तो त्या व्यक्तीकडे जातो, आणि सकाळी ती व्यक्ती खाली.

डेलच्या नोंदीत मर्व्ह. पण आज मर्व्ह गेला नाही. पहाटे दिव्यांच्या खोलीत होता, डेलला चहा पाजत. मी त्याला म्हटलं, की गाडीत बस, आपण निघू. तो म्हणाला, की मी एक दिवस मागून घेतलाय. कुणाकडून, ते विचारायची हिंमत झाली नाही. काही कागद आवरायचे आहेत, म्हणाला. मग मी स्वतःच जाणार, चालत. पोराची पाळी फार लांबली, पोरी.

ट्रेव्हर आला. गुडघ्यावर बसला माझ्यासमोर. तो लालबुंद माणूस, पांढराफटक. क्लाइव्ह त्याच्या घरात बसला आहे, क्लाइव्हच्याच जुन्या खुर्चीत, आणि लोर्ना कुठं आहे म्हणून त्यालाच विचारतो आहे. उलट कर, उलट कर, एवढंच म्हणत होता. मी पंधरा वेळा आज्ञा दिली. त्याच्या डोळ्यांदेखत.

बुधवार, २७ जून

मर्व्ह गेला. सकाळी दाढी करून आला. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला माफ कर म्हणाला. मला वाटलं, मला एकटीला सोडून जातो म्हणून.

मांडणीवर दिवे ओळीनं पुसून ठेवलेत.

डेल बोलत नाही. बापाच्या स्टुलावर बसला आहे. तोंडाला लावलेला कप तसाच.

शनिवार, ३० जून

शेवटचा दिवस. मारिसेलला फोन लागला. तिचा आवाज उतरला होता. दुरुस्ती नामंजूर झाली. या आवृत्तीसाठी आता नवं काही बनवायचं नाही, असं वरून आलंय. उपाय म्हणून लिहिलंय, नव्या आवृत्तीवर जावे. तक्रार बंद.

म्हटलं, परत उघड. म्हणाली, की तुमच्या आवृत्तीचा क्रमांक आज यादीतून काढला, टाइपच होत नाही. मग म्हणाली, की ताई, नियमात बसत नाही, पण माझी ड्यूटी संपायला वीस मिनिटं आहेत. तुम्ही बोला, मी ऐकते.

मी सगळं सांगितलं. चौघे वर आलेले, चौघे खाली गेलेले, व्हर्नाचा चष्मा. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, की मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावीन. आणि मग फोन आपोआप बंद झाला. वेळ संपली होती.

सायंकाळी पाचला नवी प्रणाली सुरू. जुना डेटाबेस आता फक्त वाचता येतो. त्यात कुणीही, कधीही, काहीही बदलू शकणार नाही.

रविवार, १ जुलै

व्हर्ना वर आली.

३:१० ला. अनवाणी. मला पाहून हसली, आणि घराकडे पळत सुटली, त्याला भेटायला.

मी नव्या प्रणालीची माहिती काढून वाचली. एक दिवसाहून जास्त खाली असलेली नोंद ती चुकीची धरते आणि स्वतःहून बंद करते. रोज एक, सगळ्यात जुनी आधी. ट्रेव्हरनं मार्चमध्ये मंजुरी दिलेली.

व्हर्नाच्या नोंदीत कळवायची व्यक्ती बेव्हन.

रात्रभर दोघं एका घरात असतील. सकाळी तो जाईल. मग तो वर येईल तेव्हा ती. मग परत.

प्रणाली इथं नाहीच. मेलबर्नमधल्या यंत्रांवर चालते, इथं उपटायला एक वायरसुद्धा नाही. त्यांना फोन केला. म्हणतात, की नियम बंद करायचा हक्क फक्त हॉबडे साहेबांना.

ट्रेव्हरकडे गेले. नियम बंद कर म्हणून पाया पडले. त्यानं यादी बघितली. उद्या लोर्नाचा नंबर. तो म्हणाला, की बंद केला तर ती तिथंच राहील.

तिच्या नोंदीत कुणाचं नाव आहे बघितलंस का, असं मी विचारलं.

माझं, म्हणाला. दाढी करायला गेला.

सोमवार, २ जुलै

बेव्हन खाली. ६:४८.

व्हर्ना अंगणात उभी आहे. मला ओळखत नाही. पॅस्टीचं पीठ मळल्यासारखे हात हलवते, हातात काही नाही.

३:१० — लोर्ना वर. ट्रेव्हर तिला न्यायला छत्री घेऊन उभा होता.

मंगळवार, ३ जुलै

ट्रेव्हर खाली. सकाळी. नियम बंद करायचा हक्क त्याच्याबरोबर खाली.

आज काझिक वर येईल, आणि त्याच्या नोंदीत स्टॅन. म्हणजे उद्या स्टॅन परत.

मग मर्व्ह. उद्या. त्याच्या नोंदीत डेल असणार, म्हणजे ते पोर पुन्हा — चोवीस वर्षांनी आठ दिवस मिळाले त्याला —

उघडून बघितली.

डेल नाही. २६ जूनला बदललंय. कागद आवरायचे म्हणाला होता.

पास्को, नेरिडा.

माझं नाव. अक्षर अन् अक्षर बरोबर. मर्व्हच्या हातून कधी चूक झालीच नाही.

बदलता येत नाही. सगळं करून बघितलं. हक्क नाही, हक्क नाही, हक्क नाही.

निघते. सामान राहू दे.

बुधवार, ४ जुलै

होबार्ट. जिलियनचं घर. ती कामावर गेली आहे, मला कुशीत घेऊन झोपली रात्रभर, काही विचारलं नाही. ऊन पडलंय. रस्त्यावर पोस्टमन. इथून खाण एकशे साठ मैल.

तिला सांगितलं पाहिजे, की माझ्या कुठल्याही कागदावर तिचं नाव — नोकरीच्या अर्जात आहे. मीच लिहिलं होतं. कळवायची व्यक्ती, बहीण. तो अर्ज ऑर्मंडला आहे, आणि माझी उतरल्याची नोंद झाली की कळवायची व्यक्ती त्याच अर्जातून —

ते नाव काढा म्हणून ऑर्मंडला मेल केली. आपोआप उत्तर आलं. हॉबडे सध्या उपलब्ध नाहीत.

३:०५

जिलियन, हे वाचशील तेव्हा मी दारात आले तर उघडू नकोस. मी कितीही ओली असले तरी. कितीही हाका —

३:१०

काही नाही. रस्ता रिकामा. कदाचित इतक्या लांब —

३:२०

फाटक वाजलं.

मर्व्ह आहे. दुपारच्या उन्हात, पायऱ्यांवर पाणी ठिबकतंय. टोपी काढून उभा आहे. दार वाजवत नाही. काचेतून बघतोय, डोळे भरलेत त्याचे, ओठ हलतायत. माफ कर म्हणतोय. पोरगं होतं गं, म्हणतोय, पोरगं —

सकाळपर्यंत वेळ आहे. जिलियन सहाला येते. तिला आधी फोन करून घरी येऊ नकोस म्हणून सांगते, आणि मग तो अर्ज कुणाकडून तरी —

दार उघडं आहे. मी कडी लावली होती, मी स्वतः लावली —

जिलियन, तुझं नाव मी